पावणेआठचं पान

माझी वहिनी लोकांना ऐकू आणून देते. तिच्या कामाचं याहून सोपं वर्णन मला करता येत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात ती चोवीस वर्षं कानाची मशीन बसवते आहे. त्यातल्या एका खोलीच्या भिंतींना जाड स्पंज लावलेला आहे. दार लावलं की आपल्याच पोटातली गुडगुड ऐकू येते. तिथे ती पेशंटच्या कानांवर हेडफोन चढवते, बारीकबारीक शिट्या वाजवते आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगते. आसपासचे लोक तिला कानवाली म्हणतात. तिला ते आवडतं.

मी तिची नणंद. एकतीस वर्षं एका वर्तमानपत्रात प्रूफं वाचली. मग आमचं खातंच बंद झालं, चुका शोधायचं काम संगणकाकडे गेलं, आणि मी दादा-वहिनीकडे राहायला आले. लग्न केलं नाही. लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घातून सवड मिळाली नाही, असं मी सांगते.

लिहायचं वहिनीच्या फार मनात होतं. दवाखान्यात जे पाहिलं ते ती घरी आल्यावर आम्हाला सांगायची, आणि मग तेच मुलीला फोनवर सांगायची. ही माझी भाची लांब नोकरीला आहे. ती एकदा म्हणाली, "आई, मला एकटीला सांगून काय उपयोग? जगाला सांग की!" आणि तिकडूनच तिने इंटरनेटवर आईसाठी एक पान उघडून दिलं.

ते पान आठ महिने कोरं राहिलं.

वहिनीने प्रयत्न केले नाहीत असं नाही. तिने 'श्रवणदोष : कारणे व उपाय' या लेखाचे अकरा खर्डे केले. अकराही मी वाचले. एकातही चूक नव्हती आणि एकही शेवटपर्यंत वाचवत नव्हता. मग दादाला स्फुरण चढलं. दादा बसच्या आगारात वेळापत्रकं करतो. त्याने बायकोच्या लेखनाचं तीन रंगांत वेळापत्रक केलं. सोमवारी माहिती, मंगळवारी अनुभव, बुधवारी शंकासमाधान, असं करत रविवारी 'आठवड्याचा आढावा'. ते फ्रिजवर लागलं. दहाव्या दिवशी वहिनीने ते स्वतःच्या हाताने काढलं.

"अहो, तुमच्या बस तरी असल्या वेळापत्रकाने धावतात का?"

"बस कुठे धावतात?" दादा म्हणाला. "धावतं ते वेळापत्रकच."

मग एका सकाळी नाश्त्याला वहिनीने एक गंमत सांगितली. आदल्या दिवशी एका निवृत्त ड्रायव्हरला तिने मशीन बसवलं होतं. तासाभराने त्याचा फोन आला, मशीन बिघडलंय, सारखी टिकटिक येते. वहिनीने विचारलं, कुठे आहात? गाडीत. गाडी चालू आहे? हो, वळणावर थांबलोय. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. ती टिकटिक गाडीच्या इंडिकेटरची होती. त्याच्या कानांवर तो आवाज वीस वर्षांत पडलाच नव्हता. त्याची आपली समजूत, की नव्या गाड्यांतून तो काढून टाकला असेल.

दादा हसून हसून लाल झाला. मी चमचा खाली ठेवला.

"वहिनी, हे लिही."

"एवढंसं?"

"एवढंसंच."

"हा काय लेख झाला का वन्सं? याला ना आगा ना पिछा."

मला राग आला, आणि रागाच्या भरात मी एकतीस वर्षांत न केलेलं भाषण केलं. "आमचा पेपर रोज निघायचा. त्यातला एक अंक कधी आम्हाला मनासारखा वाटला नाही. पण वेळ झाली की पान छपाईला सुटायचं. चांगलं झालं म्हणून नाही सुटायचं, वेळ झाली म्हणून सुटायचं. एकदा सुटलं की त्याला कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं पान. तू पान सोडतच नाहीस, म्हणून तुझं अडलंय."

वहिनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाली, "किती वाजता सोडायचं?"

तिला आठला घरातून निघावं लागतं. म्हणून पावणेआठ ठरलं. बाकीचं त्यामागोमाग आलं. दवाखान्यात प्रत्येक पेशंट गेला की खिशातल्या वहीत एकच ओळ लिहायची, याने पहिलं काय ऐकलं. सकाळी सव्वासातला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं, कालच्या ओळींतली एक उचलायची आणि तिची आठदहा वाक्यं करायची. साडेसातला ती मला द्यायची. मी वाचायचं, काना-मात्रा बघायची. पावणेआठला पान सुटणार, मग ते कसं का असेना. एवढंच. दादाने यात रंग भरायचे नाहीत.

पहिलं पान इंडिकेटरचं. ते चौघांनी वाचलं. आम्ही दोघं, भाची, आणि आणखी कुणीतरी एक.

"हा चौथा कोण?" दादाला दिवसभर चैन पडलं नाही.

आणि मग ते सुरूच झालं. पहिल्या पंधरवड्यात वहिनीच्या नाकी नऊ आले. अर्ध्या वाक्यावर पावणेआठ वाजायचे आणि मी खरोखर अर्ध्या वाक्यावर पान सोडायला लावायचे. पुढे तिचा हात बसला. एक निवृत्त शिक्षक दवाखान्यातून बाहेर पडताना तीनदा मागे वळून बघत होते, कोण पाठीमागे येतंय म्हणून. त्या त्यांच्याच चपला होत्या. एका पाववाल्याने सांगितलं की भट्टीतून काढलेला पाव गार होताना बारीक तडतडतो, आपले वडील म्हणायचे ते खोटं नव्हतं. एका शिंपिणीला कापडातून ओढल्या जाणाऱ्या दोऱ्याचा आवाज आला आणि तिने तो पुन्हा पुन्हा ओढून बघितला. सात महिन्यांच्या एका बाळाने आईची हाक ऐकली आणि तोंडातला अंगठा काढून तिच्या तोंडाकडे असं पाहिलं, जणू ही बाई आपल्याला आजच भेटली.

मी हे रोज साडेसातला वाचायचे. मला वाटायचं, जग एवढं वाजतं आणि आपल्याला त्याची काही खबरच नाही.

शंभराव्या पानाच्या आसपास वहिनी एकदा लिहिता लिहिता थांबली.

"वन्सं, चोवीस वर्षं मशीन चालू करताना मी कुठे बघत होते, माहीत आहे? पडद्यावर. आलेखाची रेघ बरोबर बसली की नाही ते. माणूस हातभर अंतरावर बसलेला, त्याच्या आयुष्यातला केवढा मोठा क्षण, आणि मी रेघ बघत होते."

"आणि आता?"

"आता सकाळी लिहायचं असतं ना. म्हणून तोंडाकडे बघते." तिने पेन खाली ठेवलं. "हसणं, रडणं सगळं नंतर. आधी माणूस एकदम स्तब्ध होतो. भुवया वर जातात, श्वास थांबतो. खोलीत कुणी मोठं माणूस आल्यावर आपण कसे उठून उभे राहतो, तसं त्याचं तोंड उभं राहतं. तान्ह्या बाळाचंही तसंच आणि नव्वदीच्या आजींचंही तसंच. हजारो लोकांचं असंच झालं असणार, आणि मी पाहिलं नाही."

रोजची आठदहा वाक्यं लिहायची सवय लागावी म्हणून आम्ही हा खटाटोप केला होता. सवयीने लिहिणं सुधारेल, एवढंच माझ्या मनात होतं. ती तिचे डोळेच बदलून टाकेल असं मला वाटलं नव्हतं.

एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानाला मात्र आमचं चुकलं. 'आमचं' म्हणते, कारण मीही त्यात होते.

आदल्या दिवशी एक घड्याळजी आले होते, बायकोबरोबर. गेली अकरा वर्षं त्यांचे कान उतरत गेले होते. घड्याळ चालू आहे की बंद, हे ते बोटाच्या पेराने ओळखायचे, पण मशीन लावायला तयार नव्हते. शेवटी बायकोने हट्टाने आणलं. वहिनीने मशीन चालू केलं. बायकोने विचारलं, "अहो, येतंय का ऐकू?" घड्याळजी नेहमीसारखे स्तब्ध झाले, बायकोकडे बघत राहिले, आणि वहिनीला म्हणाले, "बंद करा." मशीन डबीत घालून दोघं निघून गेले.

वहिनीने हे सगळं लिहिलं आणि खाली एक वाक्य जोडलं : 'कधी कधी इतक्या वर्षांनी कानावर आलेला आवाज आपल्या माणसाचा वाटत नाही.'

मी ते वाचलं आणि म्हटलं, "शेवट झकास आहे." पावणेआठला पान सुटलं.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, घड्याळजींची बायको आमच्या घराच्या दारात उभी राहिली. हातात फोन, त्यावर ते पान. आत या म्हटलं तरी ती उंबऱ्याच्या बाहेरच राहिली.

"घड्याळ दुरुस्त करणारे या भागात किती आहेत, बाई? माझ्या बहिणीने मला हे वाचून दाखवलं. माझा आवाज माझ्या नवऱ्याला परका वाटला, हे मला माझ्या बहिणीकडून कळावं?"

वहिनीने तिला आत घ्यायला हात पुढे केला.

"आम्ही तुमच्याकडे कान दाखवायला आलो होतो," ती म्हणाली, "घर दाखवायला नाही." आणि जिना उतरून गेली.

वहिनीने ते पान तिथल्या तिथे काढलं. मग टेबलाशी बसली आणि मागची सगळी पानं एकेक करून वाचत राहिली. आता तिला प्रत्येक पानात कुणाचं तरी घर दिसत होतं. "शिंपीणबाईंना मी विचारलं होतं का? त्या शिक्षकांना?" ती मला विचारायची, जणू ते मला माहीत असणार होतं.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला ती टेबलाशी आली नाही. दादाने माझ्याकडे बघितलं, मी चहाकडे बघितलं. एकतीस वर्षं मी कामगिरीच्या जागी कामागिरी पकडली, आणि इथे सगळ्या वेलांट्या जागेवर असलेलं एक वाक्य माझ्या नाकासमोरून गेलं. ते शुद्ध होतं आणि आम्हाला माहीत नसलेली गोष्ट त्यात माहीत असल्यासारखी लिहिली होती. वर मी त्याला झकास म्हटलं होतं.

असे पंधरा दिवस गेले.

सोळाव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात घड्याळजी. दोन्ही कानांत मशीन. ते आत आले, खुर्ची ओढून बसले आणि वहिनीला म्हणाले, "पंधरा दिवस पान नाही. बरं नव्हतं का?"

"तुम्ही वाचता?" वहिनी कशीबशी म्हणाली.

"बायको घरी येऊन रडली, तेव्हा पहिल्यांदा वाचलं. मग मागचीही वाचली. सगळी वाचली. पाववाल्याचं तर दोनदा." त्यांनी घसा खाकरला, आणि स्वतःच्या खाकरण्याने थोडे दचकले. "तुम्ही माझं चुकीचं लिहिलंत."

"मी ते काढलंय. मला माफ करा. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारायला हवंच होतं. पण काढलंत कशाला? दुरुस्त करा." ते पुढे झुकले. "मी बंद करा म्हटलं, ते तिचा आवाज परका वाटला म्हणून नाही. अहो, पहिल्या शब्दाला ओळखला! अकरा वर्षं मी तो डोक्यात जपला होता, आणि तो तसाच्या तसा आला. पण समोर तुम्ही होतात, तो संगणक होता, बाहेर दुसरा पेशंट खोकत होता. असा आवाज काय दवाखान्यात ऐकायचा? घरी गेलो, दार लावलं, खिडक्या लावल्या, भिंतीवरची सगळी घड्याळं काढून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली. मग मशीन लावलं आणि तिला म्हटलं, आता बोल."

दादाने आपली खुर्ची जवळ ओढली.

"मग काय बोलल्या त्या?" दादाने विचारलं.

"ते नाही सांगणार," घड्याळजी म्हणाले, आणि त्यांचं सगळं तोंड हसलं. मग माझ्याकडे वळले. "दवाखान्यात ऐकलं, तुम्ही पेपरात होतात ना? चूक झाली की पेपरवाले दुरुस्ती छापतात ना?"

"छापतात," मी म्हटलं. "पण आतल्या पानावर, बारीक अक्षरात."

"आमची मोठ्या अक्षरात छापा."

"थांबा," वहिनी म्हणाली. "तुमच्या मिसेसना विचारलंत?"

"तिनेच पाठवलंय. खाली उभी आहे. म्हणते, मी तशी रागावून गेले, आता कुठल्या तोंडाने वर येऊ?"

वहिनी पायात चपलाही न घालता जिना उतरून गेली. खाली त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. वर आल्या तेव्हा दोघींची नाकं लाल होती, आणि घड्याळजींची बायको येता येता वहिनीला सांगत होती की ती घड्याळं अजून बाहेरच्या खोलीतच आहेत, वेळ बघायला उठून जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला 'दुरुस्ती' नावाचं पान सुटलं. त्या दोघांनी आदल्या दिवशीच आमच्या टेबलाशी बसून ते वाचलं होतं, आणि बायकोने एक शब्द बदलून घेतला होता. तेव्हापासून वहिनीच्या वहीत ओळीपुढे एक बरोबरची खूण असते : विचारलं आहे. खूण नसेल तर ती ओळ वहीतच राहते.

ते पान कुठून कुठे गेलं कोण जाणे. दुपारपर्यंत खाली शंभर लोकांनी लिहिलं होतं, दोन दिवसांत हजार झाले. आणि लोक 'छान', 'सुंदर' एवढंच लिहीत नव्हते. ते स्वतःचा पहिला आवाज लिहीत होते. कुणाला मुलाच्या शाळेच्या दप्तराची चेन, कुणाला फ्रिजची घरघर, कुणाला स्वतःच्या दाढीवरून फिरणारा हात. दादा चहाचा कप घेऊन मोठ्याने वाचायचा आणि मध्येच थांबायचा, कारण त्याला पुढचं वाचवायचं नाही. मी आयुष्यभर वाचकांची पत्रं वाचली आहेत. असं काही वाचलं नव्हतं.

त्यातच एक लांबलचक पत्र होतं. लिहिणारी बाई काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात काम करत होती. पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्यांतली तडा गेलेली बाटली नजरेने हुडकायची. ती जन्मतःच पूर्ण बहिरी होती आणि कुठलंच मशीन तिच्या उपयोगाचं नव्हतं, हे तिने पहिल्याच ओळीत सांगून टाकलं होतं, आम्ही काही सुचवायच्या आत.

'मी तुमचं पान पहिल्या दिवसापासून वाचते,' तिने लिहिलं होतं. 'कशाकशाला आवाज असतो याची मी यादी केली आहे. दोनशे तीन झाले. पाव गार होताना आवाज करतो हे मला माहीत नव्हतं. मी गरम पाव आणून गालाला लावला. खरं आहे, तडतड कळते. आता माझा प्रश्न असा की काही गोष्टी यादीत नाहीत. त्यांना आवाजच नसतो, की तुम्ही अजून लिहिलेलं नाही? भिंतीवर ऊन येतं तेव्हा आवाज होतो का? सावली सरकताना? धूळ बसताना? केस पिकताना? आठवण येते तेव्हा?'

दादा फ्रिजला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "चौथा माणूस."

वहिनीने पत्र पुन्हा वाचलं. सव्वासात वाजले होते. चोवीस वर्षं आवाजाच्या धंद्यात काढलेली ती बाई कोरा कागद पुढे घेऊन बसली होती आणि तिला पहिलं वाक्य सुचत नव्हतं.

"उन्हाला कसला आलाय आवाज?" मी म्हटलं. "नाही म्हणून लिहून टाक."

"वन्सं, तुम्ही कधी ऐकलंय? नीट, थांबून?"

"नाही."

"मग नाही कसं लिहू? एकदा असंच लिहिलं होतं मी."

ती उठली. तिने पंखा बंद केला. दादाने कुणी न सांगता फ्रिजचं बटण बंद केलं. मी नळ घट्ट पिळला. पूर्वेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर ऊन यायला दहा-बारा मिनिटं होती. आम्ही तिघं, मिळून पावणेदोनशे वर्षांची माणसं, त्या भिंतीसमोर श्वास धरून उभे राहिलो.

आधी खिडकीच्या कोपऱ्यात उजेड आला. मग उन्हाची पट्टी भिंतीवर उतरली, दुधासारखी, सावकाश. काही वाजलं नाही. तिची खालची कड सरकत टेबलाच्या उंचीपर्यंत आली. मला माझंच रक्त कानात ऐकू येत होतं. आणि तेवढ्यात खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीतून एक आवाज आला. टक्. थोडं थांबून पुन्हा, टक्. उन्हाने तापून चौकट फुगत होती. या घरात वहिनी अठ्ठावीस वर्षं राहते. रोज सकाळी तो आवाज होत असणार, आणि रोज सकाळी आम्ही तिथेच असणार.

मी वहिनीकडे पाहिलं. तिच्या भुवया वर गेल्या होत्या, ती श्वास घ्यायची विसरली होती. तिने इतक्या वेळा लिहिलेलं ते तोंड मी पहिल्यांदाच पाहत होते.

"वन्सं," ती कुजबुजली, "किती वाजले?"

सात चाळीस झाले होते. तिने उभ्या उभ्याच लिहिलं. वाचायला मला मिनिटभर मिळालं, आणि त्यात दुरुस्त करण्याजोगं काही नव्हतं :

'उन्हाला स्वतःचा आवाज नाही. पण ते आलं की आमच्या खिडकीची चौकट दोनदा वाजते. हे आज आम्हाला तुमच्यामुळे कळलं. सकाळी तुमच्या खिडकीवर तळहात ठेवून बघा. बाकीच्यांचं आम्हाला अजून माहीत नाही, ऐकून सांगतो.'